घर घेण्याआधी एक दिवस इंजिनिअरसोबत

माझा धाकटा भाऊ अकरा वर्षे सौदीत होता. दोन-दोन वर्षांनी यायचा, चाळीस दिवस राहायचा आणि जाताना अम्मीला एकच वचन द्यायचा, की बीडमध्ये आपले स्वतःचे घर होईल. 2018 च्या अखेरीस तो कायमचा परत आला आणि मे 2019 मध्ये आम्ही घर घेतले. किंमत बावीस लाख. बँकेचे एक रुपयाचे कर्ज नाही, व्याजाचा स्पर्श नाही, सगळी घामाची कमाई. ताबा मिळाला त्या दिवशी अम्मीने रिकाम्या हॉलमध्ये मुसल्ला अंथरून शुक्रान्याच्या दोन रकात पढल्या. आम्हा सगळ्यांचे डोळे भरून आले होते.

घर बघायला आम्ही तीन वेळा गेलो होतो. काय पाहिले? मशीद किती लांब आहे ते पाहिले. मुलींची शाळा, शेजार, स्वयंपाकघरात उजेड येतो का, दोन्ही भावांच्या खोल्या वेगळ्या होतात का, हे पाहिले. संडासाची बैठक किब्लारुख नाही ना, हेही अम्मीने स्वतः पाहिले. घर नुकतेच रंगवलेले होते, त्याचे आम्हाला कौतुक वाटले. बोअर कोरडी होती, पण 2019 च्या त्या दुष्काळात "यंदा कुणाच्या बोअरला पाणी आहे?" या प्रश्नावर आम्ही काय बोलणार! विकणारे ओळखीतले होते. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." त्याच संध्याकाळी आम्ही इसार देऊन टाकला.

त्या वर्षी पावसाने ओढ दिली. परतीचा पाऊस मात्र जोरदार आला आणि मागच्या खोलीच्या छतावर ओलीचा नकाशा उमटला. पुढच्या वर्षी चांगला पाऊस झाला. मग खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली. आधी केसाएवढी होती, नंतर रुपयाचे नाणे आत जाईल एवढी झाली. भेगेभोवतीचा रंग खरवडला तेव्हा खाली जुनी पुट्टी निघाली. म्हणजे भेग जुनीच होती. आमच्यासाठी फक्त ती झाकली गेली होती.

विकणाऱ्यांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही तीन वेळा पाहून घेतलंय." खोटे काय होते त्यात? आम्ही तीन वेळा गेलो होतो. पण घर पाहिले नव्हते.

बँक नाही, म्हणून तपासणीही नाही

हा लेख लिहिण्याचे कारण हेच. आपल्या अनेक घरांत व्याज नको म्हणून गृहकर्ज घेत नाहीत. वर्षानुवर्षे साठवलेले पैसे, सोने, गावाकडचा जमिनीचा तुकडा असे सगळे एकत्र करून रोखीने घर घेतात. ही गोष्ट अभिमानाचीच आहे. पण तिची एक बाजू आपल्या लक्षात येत नाही. कर्ज देणारी बँक पैसे सोडण्याआधी दोन माणसे पाठवते. वकील मालमत्तेच्या मागच्या अनेक वर्षांच्या व्यवहारांचा शोध-अहवाल काढतो आणि मूल्यांकन करणारा अभियंता जागेवर जाऊन बांधकाम पाहतो. आपण बँकेकडे जात नाही, म्हणून ही दोन माणसेही आपल्या दारात येत नाहीत. आयुष्याची सगळी पुंजी लावणारा माणूस एकही जाणकार डोळा सोबत न घेता सही करतो.

कर्ज घेणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. बँकेचा माणूस बँकेची रक्कम सुरक्षित आहे का, एवढेच पाहतो. संडासाची पाइप गळते का, बोअरला उन्हाळ्यात पाणी असते का, याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

अमेरिकेत घर घेणाऱ्याने स्वतःच्या खर्चाने घर-तपासनीस नेमणे ही रुळलेली रीत आहे. तिथे या पेशाची संघटना 1976 पासून आहे. तपासनीस दोन-तीन तास घरात फिरतो, छतावर चढतो, नळ सोडून पाहतो, विजेचा बोर्ड उघडतो आणि फोटोंसह लेखी अहवाल देतो. करारातच अट असते, की तपासणीत मोठा दोष निघाला तर गिऱ्हाईक मागे फिरू शकते. आपल्याकडे मुंबई-पुण्यात अशी कामे करणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. बीडमध्ये 'घर-तपासनीस' अशी पाटी दिसणार नाही. पण काम करणारा माणूस आहे. तो म्हणजे सिव्हिल इंजिनिअर.

बीडला शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथून आणि आसपासच्या महाविद्यालयांतून शिकलेले सिव्हिलचे पदविकाधारक, पदवीधर जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत काम करतात. नगरपरिषदेत नकाशे दाखल करणारे परवानाधारक अभियंते असतात. त्यांच्यापैकी एकाला अर्ध्या दिवसाचे काम द्यायचे, इतकेच. फी घराच्या आकारावर आणि अंतरावर ठरते, ती आधीच बोलून घ्यावी. बावीस लाखांच्या घरापुढे हे काही हजार रुपये आम्हाला 2019 मध्ये सुचलेसुद्धा नाहीत. नंतर दुरुस्तीला पावणेतीन लाख गेले.

माणूस निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. तो विकणाऱ्याचा किंवा मध्यस्थाचा माणूस नसावा. दुरुस्तीचे काम त्यालाच मिळेल, असे आमिष नसावे, नाहीतर दोष वाढवून सांगितले जातात. आणि त्याची फी सौदा होवो न होवो, तेवढीच असावी. अनुभवी गवंडी सोबत असेल तर उत्तमच. पण लेखी अहवाल आणि खाली सही इंजिनिअरचीच हवी.

काळी माती काय करते

आमच्या भिंतीची भेग बघायला शेवटी जे इंजिनिअर आले, त्यांनी आधी भिंत पाहिलीच नाही. ते घराबाहेर गेले आणि पायाने माती उकरू लागले. म्हणाले, "दोष इथं आहे."

आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या मातीचा आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. कापसाला ही माती चांगली, घराला अवघड. जमिनीच्या वरच्या थरात ही फुगण्या-आकसण्याची हालचाल सर्वात जास्त असते. अभियंते साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत तिचा विचार करतात. म्हणून पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो. माती फारच खोल असेल तर खाली फुगीर बुंध्याचे काँक्रीटचे खांब घालतात आणि भिंतीखाली सलग प्लिंथ बीम देतात.

शहरांच्या कडेला शेते मोडून प्लॉट पडले आणि त्यावर घाईने घरे उभी राहिली, तिथे पुष्कळदा तीन फुटांचा पाया आणि त्यावर थेट भिंत असते. आमचे घर तसेच होते. शिवाय न्हाणीघराचे पाणी भिंतीलगत मुरत होते. एका बाजूची माती सदा ओली, दुसऱ्या बाजूची कोरडी. एक बाजू उचलली गेली, दुसरी बसली आणि भिंत मधून फाटली.

त्यामुळे पहिला प्रश्न हा विचारावा, की पाया किती खोल आहे आणि मुरूम किती फुटांवर लागला? मालकाला माहीत नसेल तर बांधणाऱ्या मिस्त्रीला गाठावे. शेजारी नवे बांधकाम चालू असेल तर त्याचा खड्डा बघून यावा, माती सगळे सांगते. शक्य असेल तर मालकाच्या परवानगीने भिंतीलगत एका ठिकाणी खणून पाया उघडा करून पाहावा.

आणखी एक सवय आपल्याला महागात पडते. घर घेतानाच आपण म्हणतो, "मुलाचं लग्न झालं की वर एक मजला चढवू." पण पाया आणि कॉलम दुसऱ्या मजल्याच्या हिशेबाने घातले आहेत का, हे न पाहता ते स्वप्न किमतीत धरू नये. काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज हॅमरच्या एका साध्या चाचणीतून घेता येतो. शंका असेल तर पुढच्या चाचण्या कराव्यात.

आपणही पाहू शकतो

इंजिनिअर आणण्याआधी घरच्यांनी एक फेरी स्वतः मारावी. म्हणजे उघड वाईट घर तिथेच बाद होते आणि फी वाचते. पिशवीत टॉर्च, टेप, ओळंबा, एक नाणे आणि मुलांची एक गोटी ठेवावी.

भेगा. प्लास्टरवरची जाळीसारखी बारीक भेग फारशी घाबरण्यासारखी नसते. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा नाणे आत जाईल अशी भेग गंभीर समजावी. भेग जुनी होऊन थांबली आहे की वाढते आहे, हे कळायला तिच्यावर काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवतात. काही आठवड्यांनी काच तडकली तर हालचाल चालू आहे.

ताजा रंग. विकण्याआधी रंग देणे हा गुन्हा नाही. पण एकाच भिंतीला नवा रंग असेल, तर तीच भिंत आधी पाहावी. टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा उजेड टाकला की पुट्टीचे पट्टे दिसतात. कपाट, कॅलेंडर, पडदा सरकवून बघायला लाजू नये.

छत. स्लॅबच्या खालचे पोपडे, गंजाचे तांबूस डाग, उघडी पडलेली सळई म्हणजे पाणी आत मुरते आहे. वर जाऊन गच्चीचा उतार आणि पाण्याच्या टाकीखालची जागा पाहावी. सौदा उन्हाळ्यात होत असेल तर मालकाला विचारून गच्चीवर बांध घालून एक दिवस-रात्र पाणी साठवून पाहावे. जमले तर पावसाळ्यातच घर बघावे. मे महिन्यात प्रत्येक छत चांगले असते.

फरशी आणि भिंत. गोटी ठेवून ती एकाच कोपऱ्याकडे पळते का, पाहावे. न्हाणीघराचा उतार सोडून इतरत्र गोटी पळायला नको. नाण्याने फरशी ठोकावी, पोकळ आवाज येईल तिथे खाली माती बसलेली असते. भिंतीच्या तळाशी पांढरा खार फुटला असेल तर ओल खालून वर चढते आहे.

लाकूड. चौकटीच्या खालच्या टोकाला मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. चावीने टोचून पाहावे.

पाणी. बोअर किती फूट आहे आणि मे महिन्यात किती वेळ चालते, हे शेजाऱ्यांना विचारावे, मालकाला नव्हे. पाण्याचा नमुना शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत देऊन क्षार, फ्लोराइड, नायट्रेट तपासून घ्यावे. शोषखड्डा बोअरपासून निदान 50-60 फूट दूर असावा. लहान प्लॉटवर हे अंतर बहुतेकदा नसते, मग ते पाणी पिण्यासाठी धरू नये. सगळे नळ एकदम सोडावेत, संडासात बादलीभर पाणी ओतावे आणि बाहेर चेंबर उघडून पाणी पुढे जाते का, पाहावे.

वीज. अर्थिंग आहे का, शॉक लागताच प्रवाह तोडणारा स्विच आहे का, मोटार आणि कूलरच्या वायरी वेगळ्या आहेत का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. लहान मुलांच्या घरात या गोष्टीत तडजोड करू नये.

बायकांना सोबत नेणे हाही तपासणीचाच भाग समजावा. आमच्या दुसऱ्या घराच्या वेळी माझ्या भावजयीने ओट्यावर उभे राहून विचारले, "धुराला वाट कुठं आहे?" चार पुरुषांना ते दिसले नव्हते.

जुने घर, नदीकाठचे घर

बीडच्या जुन्या पेठांत, तालुक्याच्या गावांत दगड-मातीच्या रुंद भिंतींची, माळवदाची घरे अजून विकली जातात. ती थंड असतात, ऐसपैस असतात, आजोबांची आठवण करून देतात. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आपल्या शेजारच्या किल्लारी परिसरात हजारो माणसे याच प्रकारच्या घरांखाली गेली. त्या भिंती आतून दोन वेगळ्या थरांच्या होत्या, त्यांना एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते आणि वर मातीचे जड छप्पर होते. जुने घर घेताना भिंतीला पोट सुटले आहे का, कोपरे एकमेकांत गुंफलेले आहेत का, माळवदावर वर्षानुवर्षे किती माती चढली आहे, हे इंजिनिअरकडून पाहून घ्यावे. बऱ्याचदा अशा ठिकाणी आपण घर नव्हे, तर जागा विकत घेत असतो. मग किंमतही जागेचीच द्यावी.

बिंदुसरा शहराच्या मधून वाहते. वर्षातले बरेच दिवस ती कोरडी दिसते, म्हणून तिच्या कडेची स्वस्त जागा मोह घालते. जुलै 1989 मध्ये याच नदीचा पूर शहरात शिरला होता. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीतही जिल्ह्यातल्या नद्यांनी आपली जुनी वाट दाखवून दिली. नदीच्या दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. घर त्यांच्या आत येते का, हे नगरपरिषदेत आणि पाटबंधारे कार्यालयात विचारावे. आणि गल्लीतल्या सत्तरीच्या बुजुर्गांना विचारावे, "चाचा, नव्वदच्या आधीच्या त्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" ते बोट दाखवून भिंतीवरची खूण सांगतील.

कागदांचीही तपासणी

भिंत मजबूत आणि कागद कच्चा असेल तर उपयोग नाही. वकिलाकडून निदान मागच्या तीस वर्षांचा शोध-अहवाल घ्यावा. नगरपरिषदेचा मालमत्ता उतारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना नंबर 8 हा कर आकारणीचा कागद आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. नोंदणीकृत खरेदीखत, फेरफार, मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पाहावे. नुसत्या बॉण्डवर घर घेऊ नये. तुकड्या-तुकड्यांनी विकलेल्या गुंठेवारीच्या जागांसाठी 2001 चा कायदा आहे आणि 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. पण आपले घर खरोखर नियमित झाले आहे का, त्याचा कागद हातात घ्यावा. टेप लावून प्लॉटच्या चारही बाजू खरेदीखताशी ताडून पाहाव्यात, शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करावी. वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी यांची थकबाकी नसल्याच्या पावत्या घ्याव्यात.

आपल्या समाजात दोन ठिकाणी विशेष जपावे लागते.

पहिले, वारसांचे. घरमालक वारला की त्याच क्षणी त्याची पत्नी, मुले, मुली, सगळ्यांचे कुरआनने ठरवलेले हिस्से लागू होतात. उताऱ्यावर फक्त मोठ्या भावाचे नाव असले, तरी तो बहिणींचा हिस्सा विकू शकत नाही. बहिणी सासरी गेल्या आहेत, "त्या काही मागत नाहीत" हे उत्तर चालत नाही. सगळ्यांच्या सह्या हव्यात. वारसांत अज्ञान मुले असतील, तर आई प्रेमाने सांभाळत असली, तरी आपल्याकडच्या मुस्लिम कायद्यानुसार ती त्यांच्या हिश्श्याची विक्री स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. आपल्यात तोंडी हिबा वैध असतो, पण विकणारा तो सांगत असेल, तर ताबा खरोखर दिला गेला होता का आणि साक्षीदार कोण, हे वकिलाला तपासू द्यावे. एका बहिणीचा हक्क मारून घेतलेल्या घरात बरकत कुठून येणार?

दुसरे, इनाम आणि वक्फ जमिनी. निजामाच्या काळापासून मराठवाड्यात दर्गाह, मशिदी यांच्या सेवेसाठी दिलेल्या खिदमतमाश जमिनी आहेत. शहरे वाढली आणि अशा काही जमिनींवरही प्लॉट पडले. वक्फची मालमत्ता विकता येत नाही. संशय आला तर छत्रपती संभाजीनगर येथे पाणचक्कीला असलेल्या वक्फ मंडळाच्या मुख्य कार्यालयात नोंद तपासावी. 1948 पूर्वीचे अनेक कागद उर्दूत आहेत. घरातल्या उर्दू जाणणाऱ्या बुजुर्गांकडून ते वाचून घ्यायला वेळ लागतो, पैसा नाही.

इसार देताना

इसार पावतीवर एक ओळ जास्त लिहून घ्यावी, की अमुक दिवसांत तपासणी होईल आणि बांधकामात किंवा कागदात मोठा दोष निघाला, तर इसार पूर्ण परत मिळेल. फिकहमध्ये याला जागा आहे. ठरावीक मुदतीत सौदा मोडण्याचा अधिकार राखून ठेवणे, म्हणजे खियार-ए-शर्त, आणि आधीचा लपलेला दोष निघाल्यावर वस्तू परत करण्याचा अधिकार, म्हणजे खियार-ए-ऐब, हे आपल्या फकीहांनी शतकांपूर्वी मांडलेले नियम आहेत. विकणारा बिचकला तर समजून घ्यावे. पण तपासणीलाच नकार देत असेल, तर त्या नकारातच उत्तर आहे.

रक्कम चेकने किंवा बँकेतूनच द्यावी. मालमत्तेच्या सौद्यात 20 हजार किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेणाऱ्यावर आयकर कायद्याने तेवढाच दंड होऊ शकतो आणि देणाऱ्याकडे पुरावा राहत नाही. घर घरातल्या स्त्रीच्या नावावर घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. नवा फ्लॅट बिल्डरकडून घेत असाल, तर प्रकल्प महारेरात नोंदलेला आहे का, पाहावे. त्या कायद्यात ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधकामातला दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. जुन्या घराच्या सौद्याला हे संरक्षण नाही.

मग जुन्या घराला काय आहे? आम्ही वकिलांना हेच विचारले. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार विकणाऱ्याने आपल्याला माहीत असलेला मोठा दोष सांगितलाच पाहिजे. पण तो दोष असा हवा, जो गिऱ्हाइकाला सामान्य काळजी घेऊनही कळला नसता. वकील म्हणाले, "भेग झाकली हे खरं. पण त्यांना माहीत होतं हे सिद्ध करा, आणि तुम्ही काय काळजी घेतली तेही सांगा." आमच्याकडे सांगायला काही नव्हते. आम्ही दावा केला नाही.

अम्मीचा निर्णय

मदिनेच्या बाजारातला प्रेषित मुहम्मद (स.) यांचा एक प्रसंग आपल्याला माहीत आहे. धान्याची रास वरून कोरडी, चांगली दिसत होती. प्रेषितांनी (स.) राशीत हात घातला तर आतले धान्य ओले निघाले. ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणून त्यांनी विक्रेत्याला फटकारले. हा प्रसंग आपण नेहमी विक्रेत्यासाठी सांगतो. मला आता त्यात घेणाऱ्यासाठीही शिकवण दिसते. रास वरून बघून पुढे जायचे नसते, आत हात घालून पाहायचे असते.

2023 मध्ये मुलींच्या शिक्षणासाठी मोठी जागा हवी म्हणून आम्ही ते घर विकायला काढले. दुरुस्ती झाली होती. घराभोवती तीन फूट रुंद काँक्रीटचा पट्टा घातला होता, न्हाणीघराचे पाणी दूर नेले होते. तरी दर उन्हाळ्यात त्या खिडकीपाशी एक बारीक रेघ परत यायची. मध्यस्थ म्हणाला, "दोन डबे पुट्टी, एक हात रंग. कोण बघतंय?"

भाऊ गप्प होता. त्याचे पावणेतीन लाख त्या भिंतीत गेले होते. अम्मी म्हणाली, "ज्या भिंतीने आपल्याला फसवलं, तिच्यानं दुसऱ्याला फसवायचं का? बघणारा आहे."

आम्ही रंग दिला नाही. इंजिनिअरचा अहवाल झेरॉक्स करून टेबलावर ठेवला. पहिले गिऱ्हाईक तो वाचून परत आले नाही. दुसरेही गेले. भाऊ आठवडाभर अम्मीशी नीट बोलत नव्हता. तिसरे एक तरुण जोडपे आले, नवरा शिक्षक होता. त्यांनी अहवाल वाचला, स्वतःचा इंजिनिअर आणला, त्याने आणखी दोन बारीक गोष्टी काढल्या. आमच्या मागणीपेक्षा दीड लाख कमी देऊन त्यांनी घर घेतले. खरेदीखताच्या दिवशी ती मुलगी अम्मीला म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून आम्हाला बाकीच्या घरावर भरवसा वाटला."

आमच्या नव्या घरासाठी आम्ही तीन घरे इंजिनिअरला दाखवली. पहिल्यात कॉलमच नव्हते. दुसऱ्यात बांधकाम चांगले होते, पण दोन बहिणींच्या सह्या नव्हत्या. तिसरे घेतले. त्यातही दोष आहेत, अकरा. ते सगळे एका कागदावर लिहिलेले आहेत आणि तो कागद खरेदीखतासोबत अम्मीच्या पेटीत आहे.